आभाळाचा वापसा

हस्ताच्या सरी उघडल्या की शिरूर अनंतपाळच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, खताच्या दुकानाच्या पायरीवर एकच विचारणा ऐकू येते : वापसा झाला का? घरणी आणि मांजरेच्या काठची काळी जमीन पाऊस थांबला म्हणून लगेच कुणाला आत घेत नाही. वरून सुकलेली दिसते आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. अशात ट्रॅक्टर घातला तर चिखलाचे पट्टे निघतात, ते वाळून कडक होतात आणि हरभऱ्याची उगवण बिघडते. म्हणून ज्याला रान कळतं तो थांबतो. मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडतो. भुसभुशीत फुटली तर पेरणी, चिकटून राहिली तर अजून दोन दिवस.

याच दिवसांत, इथून रस्त्यानं चारशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, मावळातल्या कामशेतच्या टेकड्यांवर काही माणसं अशीच खोळंबलेली असतात. जूनपासून त्यांचे पंख पिशवीत बांधून ठेवलेले. आता पाऊस गेलाय, ऊन पडलंय, आभाळ निळं दिसतंय. तरी उडायचं की नाही हे निळ्या आभाळावरून ठरत नाही. खालच्या जमिनीत ओल किती उरली आहे, यावर बरंचसं ठरतं. मराठवाड्यातला शेतकरी आणि हँग ग्लायडिंग करणारा पायलट एकमेकांना कधी भेटले नसतील, पण पावसानंतर दोघंही एकाच गोष्टीची वाट बघतात. ओल पुरेशी निघून गेल्याशिवाय रान कसता येत नाही, आणि त्या रानावरचं आभाळही उडण्याजोगं होत नाही.

पंख आला कुठून

हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं मजबूत कापड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दहा मीटर, वजन २० ते ३५ किलो. इंजिन नाही, शेपटी नाही. पायलट पंखाखाली हार्नेसमध्ये पालथा लटकतो आणि समोरची त्रिकोणी चौकट दोन्ही हातांनी धरतो. अंग डावीकडे सरकवलं की पंख डावीकडे वळतो. चौकटीचा दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. सुकाणू म्हणजे माणसाचं स्वतःचं वजन.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल १८९१ ते १८९६ या काळात विलो झाडाच्या कामट्या आणि सुती कापडाच्या पंखांनी टेकड्यांवरून उतरत होता. त्याची उड्डाणं दोन हजारांच्या घरात जातात. आजच्या हँग ग्लायडरचा पंख मात्र अमेरिकेतल्या फ्रान्सिस रोगॅलो या अभियंत्याचा. तो सरकारी विमान संशोधन संस्थेत नोकरीला होता, पण हे काम त्यानं घरी केलं. १९४८ साली त्यानं आणि त्याची पत्नी गर्ट्रूड हिनं वाऱ्यानंच फुगून आकार घेणारा लवचीक पंख तयार केला. पहिल्या नमुन्यांसाठी गर्ट्रूडनं स्वयंपाकघराचा पडदा कापून शिवला होता. पुढे नासानं अवकाशयान जमिनीवर उतरवण्यासाठी हा पंख तपासला आणि शेवटी साध्या पॅराशूटवरच भागवलं. नासानं सोडून दिलेली गोष्ट हौशी लोकांनी उचलली. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सननं वॉटर-स्की करणाऱ्या मंडळींसाठी रोगॅलोच्या पंखाला त्रिकोणी चौकट आणि लटकण्याचा पट्टा जोडला. आज जगात कुठेही हँग ग्लायडर दिसला तर त्यात ती चौकट आणि तो पट्टा असतोच.

पॅराग्लायडर हा त्याचा धाकटा भाऊ. त्याला सांगाडा नसतो. कापडाच्या कप्प्यांत हवा भरली की पंख तयार होतो. १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी गावाच्या डोंगरावरून काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला धावत उड्या मारल्या आणि हा खेळ सुरू झाला. पॅराग्लायडरचा सगळा संच पाठीवरच्या पिशवीत मावतो, एसटीतून नेता येतो आणि शिकायलाही सोपा जातो. हँग ग्लायडर गाडीच्या टपावर बांधावा लागतो, उभा करायला अर्धा तास जातो आणि तो चालवायला शिकायला जास्त महिने लागतात. बदल्यात मिळतो वेग. पॅराग्लायडर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास दमतो, चांगला हँग ग्लायडर शंभराच्या पुढे जातो. एक किलोमीटर उंची गमावून तो दहा ते पंधरा किलोमीटर अंतर कापू शकतो.

आपल्याकडे १९८०च्या दशकात हिमाचलातल्या बिलिंगला हँग ग्लायडिंगचे आंतरराष्ट्रीय मेळावे भरले, तेव्हा या खेळाची बातमी वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचली. महाराष्ट्रात नाशिकजवळच्या देवळालीला लष्करानं तो जोपासला. हौशी लोकांचं ठिकाण मात्र कामशेत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे पॅराग्लायडिंगच्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्या धाकट्या भावानं थोरल्याला जवळपास बाजूला सारलं. आज कामशेतच्या आकाशात दिसणारे बहुतेक पंख कापडी कमानीचेच असतात. पंख कुठलाही असो, दोघांची हवा एक आणि दोघांची वाट बघण्याची रीतही एक.

पाऊस गेला म्हणजे काय झालं

मान्सून गेला हे हवामान खातं छत्री मिटली म्हणून जाहीर करत नाही. सलग पाच दिवस पाऊस नसणं, खालच्या थरातल्या हवेत उच्च दाबाचं वर्तुळ तयार होणं आणि बाष्प लक्षणीय घटणं, हे तिन्ही जुळावं लागतं. वायव्य राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला सुरू होणारी ही माघार महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोचते. पंचांगात तोवर हस्त संपून चित्रा लागलेलं असतं.

पण मान्सून गेल्यावरही पाणी जमिनीत असतं, आणि जमिनीवर पडणारं ऊन आधी त्या पाण्यावर खर्च होतं. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जायला लागते. ओल्या रानातून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे चार-पाच लिटर. दिवसभराच्या उन्हातला निम्मा वाटा त्यातच जातो. जमीन तापत नाही, तिच्यावरची हवाही तापत नाही, आणि हवा तापली नाही तर वर चढत नाही.

इंजिन नसलेल्या पंखाला नेमकी ही चढती हवाच हवी असते. तिला पायलट थर्मल म्हणतात. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन गोळ्यांनी किंवा स्तंभासारखी वर निघते. चांगल्या दिवशी सेकंदाला दोन-तीन मीटर वेगानं, कडक उन्हाळ्यात पाच मीटरनं आणि त्याहूनही जास्त. तिच्या आत राहून गोल गोल फिरत राहिलं तर पंख तिच्यासोबत वर जातो. आपण लहानपणापासून घारीला पंख न हलवता चकरा मारत वर जाताना बघतो, ती हेच करत असते. वैशाखातली वावटळ म्हणजे धूळ आणि पाचोळा उचलल्यामुळे दिसायला लागलेला थर्मलचा बुंधा.

म्हणून पावसानंतरचा पहिला स्वच्छ दिवस बहुतेक वेळा मुका जातो. आभाळ धुऊन निघालेलं, दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात, फोटो सुंदर येतात आणि हवेत उचल नसते. टेकडीवरून निघालं की तरंगत पाच-सात मिनिटांत खाली. घारसुद्धा त्या दिवशी विजेच्या खांबावर बसून असते.

माळ आधी, काळी नंतर

दोन-तीन दिवसांनी चित्र बदलायला लागतं, पण सगळीकडे एकदम नाही. लातूर जिल्ह्याचा हा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. नदीकाठी खोल काळी जमीन, वर चढत गेलं की मुरमाड आणि माळ. मुरमातून पाणी लवकर निचरतं; एका दिवसाच्या उन्हात माळ तापायला लागतो. काळी जमीन पाणी धरून फुगते आणि सोडायला आठवडा घेते. म्हणजे एकाच शिवारात माळावर चढती हवा सुरू झालेली असते आणि पलीकडच्या पट्टीवर काहीच नसतं. साकोळ आणि घरणी प्रकल्पांच्या पाण्यावर तर दुपारीही हवा थंड असल्यानं खाली बसते.

हा फरकच पायलटला वाट दाखवतो. ओलं आणि कोरडं जिथे भेटतं, त्या कडेवरून थर्मल सुटायची शक्यता जास्त. सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान, त्याच्या शेजारी उभा ऊस. डांबरी रस्ता, त्याच्या शेजारी ओली नाली. गावाचे पत्रे, त्यांच्या शेजारी आमराई. वरून बघणारा पायलट शिवाराचा नकाशा असा वाचतो. कुठलं रान आधी वापशावर येतं हे ज्या शेतकऱ्याला पाठ आहे, त्याला थर्मल कुठून सुटेल हे सांगायला फारसं शिकवावं लागणार नाही.

थर्मल किती उंच नेईल याचाही एक सोपा हिशेब आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं, यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. ऑक्टोबरच्या दुपारी तापमान ३२ आणि दवबिंदू २० असेल तर फरक १२. ढगाचा तळ जमिनीपासून दीड किलोमीटरवर. एप्रिल संपताना तापमान ४० आणि दवबिंदू १२ असेल तर फरक २८. तळ साडेतीन किलोमीटरवर. पाऊस नुकताच गेल्यावर दवबिंदू चढा असतो, म्हणून ढग खाली लोंबतात आणि खेळायची जागा कमी असते. रोज कोरड वाढत जाते, तसतसं छत वर सरकतं. लोक ज्याला ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या देतात, तिची उडणारी मंडळी आतुरतेनं वाट बघत असतात.

कामशेतची उघडीप

कामशेत हे पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन. इंद्रायणीचं खोरं, पलीकडे पवना धरणाचं पाणी आणि भोवती फार उंच नसलेल्या टेकड्या. पावसाळ्यात इथे उडायचा विषयच नसतो. नैर्ऋत्येचा वारा घाटावर आपटून उसळत राहतो, ढग टेकड्यांवर टेकलेले असतात. हिमाचल प्रदेशात तर १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात उड्डाणांवर दरवर्षी सरकारी बंदीच असते. कामशेतच्या शाळाही पावसाळ्यात बंद असतात.

मान्सून परतला की वाऱ्याची दिशा फिरते. सकाळी पूर्वेकडून, दुपारनंतर कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा. टेकडीचं तोंड वाऱ्याकडे असेल तरच तिच्यावरून उडता येतं, कारण उतारावर आदळणारा वारा वर उचलतो आणि पाठीमागचा वारा खाली दाबतो. कामशेतच्या आसपास दोन्ही दिशांना तोंड केलेले उतार असल्यानं दिवसाचे दोन्ही वारे वापरता येतात. पश्चिमेकडचा टॉवर हिल संध्याकाळच्या सपाट वाऱ्यासाठी उडणाऱ्यांचा लाडका.

पण सुरुवातीला वाऱ्याचं तळ्यात-मळ्यात चालतं. मान्सूनचा जोर पुरता गेलेला नसतो, नवा वारा बसलेला नसतो. पूर्वेचा वारा वाहता वाहता अचानक पडतो आणि दहा मिनिटांत पाठीमागून येतो. दुपारी घाटावर परतीचे ढग उभे राहतात. त्यात टेकडीवरचं गवत गुडघ्याच्या वर वाढलेलं, आणि खाली उतरायच्या मैदानांत इंद्रायणी भात उभं असतं. उभ्या पिकात उतरायचं नाही हा या खेळातला सौजन्याचा पहिला नियम. म्हणजे मावळात उडायचा हंगाम हवामान खात्याबरोबरच भाताच्या काढणीचीही वाट बघतो.

ही सक्तीची विश्रांती वाया घालवायची नसते. पावसाळ्यात बांधून ठेवलेला पंख उघडून इंच इंच तपासायचा. कापड दमट राहिलं असेल तर बुरशी धरते. तारांचा एखादा पेड तुटला आहे का, नळीला पोचा आहे का, बोल्ट झिजलाय का, हे हात फिरवून बघायचं. छातीशी बांधलेलं संकटकाळचं पॅराशूट उघडून, वाळवून पुन्हा घडी करायचं. महिनोन् महिने दाबून राहिलेली घडी गरजेच्या वेळी उशिरा उघडते. मग सपाट मैदानात पंख डोक्यावर धरून वाऱ्यात उभं राहायचा सराव. चार महिन्यांत सवय मोडलेली असते आणि हंगामाच्या सुरुवातीच्या अपघातांमागे वाऱ्याइतकीच ही मोडलेली सवय असते.

त्या दिवशीचं उड्डाण

अखेर एक दिवस सगळं जुळतं. सकाळी दव पडलेलं, नऊपर्यंत धुकं विरलेलं, दहा-साडेदहाला पहिली घार खांब सोडते. अकराच्या सुमारास कापसाच्या बोंडाएवढे दिसणारे पांढरे ढग उगवतात, त्यांचे तळ सपाट आणि एका पातळीत. ढग आडवे पसरत असतील, डोकं वर काढत नसतील, तर दिवस चांगला.

टेकडीवर हँग ग्लायडरची लांब पिशवी खांद्यावरून येते. नळ्या उघडतात, आडवी नळी ताणली जाते, कापडाच्या खिशांत वाकवलेल्या पट्ट्या एकेक करून सरकवल्या जातात. पंखाला कमानीचा आकार त्यांनीच येतो. एक पट्टी विसरली तर पंख वाकडा उडतो. हार्नेस अडकवल्यावर साथीदारानं पंख धरायचा आणि पायलटनं खरोखर लटकून दाखवायचं. हुक लागला आहे हे डोळ्यांनी बघून भागत नाही, वजन टाकून तपासायचं. २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये एका पर्यटकाचा हुक अडकवायचा राहून गेला आणि तो माणूस दोन मिनिटांहून अधिक वेळ हातांनी लोंबकळत खाली आला; मनगट मोडलं, जीव वाचला. ते चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. उडणाऱ्या प्रत्येकानं ते पाहून आपल्या हुकाला हात लावला असेल.

मग वाट बघणं. झेंडीची फीत समोरून, एकसारखी, थरथर न करता हवी. नवख्यांसाठी वारा ताशी वीस किलोमीटरच्या आतला. एक झोत जाऊ द्यायचा, दुसरा समजून घ्यायचा. पंख आडवा, नाक किंचित वर, आणि धाव. उडी मारायची नाही, पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावतच राहायचं. चार-सहा पावलांत खांद्यावरचं पंखाचं ओझं उतरतं, पंखच माणसाला उचलतो आणि टेकडी पायाखालून सरकते.

पहिली काही मिनिटं टेकडीलगतच्या उचलीवर इकडून तिकडे, वळण नेहमी डोंगरापासून दूर. कानाशी व्हॅरिओमीटर टिपटिपत असतो. हवा वर नेत असेल तर सूर चढतो, खाली नेत असेल तर खर्ज लागतो. भाताच्या कापलेल्या खाचरावरून जाताना पंखाची उजवी बाजू कुणी खालून ढकलल्यासारखी उचलली जाते. त्याच बाजूला वळायचं. अर्धं वळण पूर्ण होईतो सूर घट्ट चढलेला असतो. आणखी एक चक्कर, आणखी एक. टेकडी खाली, मग टेकडीमागची टेकडी दिसते, पवनेचं पाणी दिसतं, द्रुतगती मार्गावरच्या गाड्या रेंगाळल्यासारख्या वाटतात. खालच्या उकाड्यातून हजार मीटर वर आलं की हवा आठ-दहा अंशांनी थंड. घामानं भिजलेली पाठ गारठते. घार असेल तर ती आतलं वर्तुळ धरते, कारण तिला गाभा बरोबर सापडतो. शहाणा पायलट तिच्या मागून जातो.

उतरतानाही घाई नसते. वाऱ्याच्या दिशेनं, मग आडवं, मग वाऱ्याच्या तोंडावर. जमिनीपासून मीटरभर उंचीवर वेग संपत आला की चौकट एकदम वर ढकलायची. पंख उभा राहतो आणि पायलट पावलांवर. थर्मलच्या दुपारी शेवटचे तीस मीटरच धोक्याचे असतात, कारण तापलेली जमीन तिथेही हवा सोडत असते.

गार काय सांगते

चांगल्या दिवसाचं वर्णन वाचून कुणालाही वाटेल की उघडीप म्हणजे सुरक्षितता. ते खरं नाही. लिलिएन्थाल पडला तो दिवस वादळाचा नव्हता. ९ ऑगस्ट १८९६, रविवार, छान ऊन होतं. उन्हानं उठलेल्या हवेच्या झटक्यात त्याचा पंख थबकला आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून खाली आला. मान मोडली; दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या चढत्या हवेवर आजचा खेळ उभा आहे, तिचंच ते बळ.

दुसरा धोका वर असतो. ओल्या जमिनीनं हवेत सोडलेलं बाष्प परतीच्या दिवसांत दुपारी ढग उभे करतं. ढग फुलत फुलत काळा झाला की तो उचलणं थांबवत नाही, ओढायला लागतो. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे जर्मन पॅराग्लायडर एवा विष्निएर्स्का अशा ढगात खेचली गेली. तिच्या यंत्रात नोंदली गेलेली कमाल उंची होती ९,९४६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून हजार मीटर वर. प्राणवायू नाही, अंगावर बर्फ, आणि ती अर्ध्या तासाहून अधिक काळ बेशुद्ध. पंख आपोआप उडत राहिला, ती शुद्धीवर आली आणि सुमारे ६० किलोमीटर दूर जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला चिनी पायलट हे झोंगपिन वाचला नाही.

मराठवाड्याला ही ओढ परकी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं उभी रब्बी झोडपली, ती आठवण जुनी झालेली नाही. साडेचार सेंटिमीटर व्यासाची गार तयार होईपर्यंत तिला ढगात तरंगत ठेवायला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वर जाणारी हवा लागते. रानात पडलेली गार म्हणजे त्या ढगात किती जोर होता याची पावती. असा ढग कोसळतो तेव्हा त्यातून सुटलेला थंड वारा पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत जमिनीवरून धावत जातो. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि लांबच्या ढगाचा वारा आपल्याला येऊन गाठतो. शेतकरी त्या गार झोताला ओळखतो आणि सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढतो. पायलटनं तोच झोत ओळखून पंख मिटायचा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. ते बांधावर काम करणाऱ्यांसाठी जितकं उपयोगी, तितकंच टेकडीवर उभ्या असलेल्यांसाठी.

सपाट मुलखाचं आभाळ

या खेळाला डोंगर लागतोच, असा समज आहे. जगातला सगळ्यात लांब हँग ग्लायडिंग प्रवास मात्र सपाट मुलखात झाला. ३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या झपाटा इथून डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड निघाले. झपाट्याला डोंगर नाही. हलक्या विमानानं दोरीनं ओढून पंख वर सोडतात. दोघांनी जवळपास सगळं अंतर बरोबरीनं, एका थर्मलवरून दुसऱ्यावर, सुमारे अकरा तास कापलं. ड्युरँड ७६१ किलोमीटरवर उतरला, मार्टिन ७६४ वर. लातूरहून सरळ रेषेत एवढं गेलं तर अहमदाबाद मागे पडेल. ते दोघे एका दिवसात एवढे लांब गेले, पण त्या एका दिवसासाठी झपाट्याला पायलट आठवडेच्या आठवडे मुक्काम करून हवेची वाट बघत असतात.

कोरडा, सपाट, उन्हात तापणारा मुलूख लांबच्या उड्डाणाला चांगला. त्या मोजमापानं बालाघाटचं पठार फाल्गुन-चैत्रात कुणापेक्षा कमी नाही. पण हे लिहिताना हात थबकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत इथल्या माळावरून सुटणारे थर्मल जोरदारच असणार. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्याखाली कुजलं आणि जमिनीच खरवडून गेल्या. एकाच आभाळाची ही दोन टोकं सोसणाऱ्या माणसाला त्याच आभाळातल्या मौजेचं कौतुक सांगायचं तर आधी त्याच्या नुकसानीची जाण हवी.

अडचणीही आहेत. शिवारात विजेच्या तारा सगळीकडे ताणलेल्या आहेत. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात, आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालावं लागतं. सपाट रानात पंख ओढून सोडायला विंच म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, प्रशिक्षित माणूस आणि परवानगी लागते. पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे लांब पंखांची ग्लायडरं अशीच विंचवर ओढून हवेत सोडतात. तंत्र राज्याला नवं नाही. ७ जून २०२२ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं, त्यात हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही आहेत. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. त्यात हवाई खेळ चालवणाऱ्यांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लागू केले आहेत. कागद तयार आहेत. मराठवाड्यात एखाद्या क्लबनं, एखाद्या महाविद्यालयानं पुढे येऊन हे गांभीर्यानं उभं केलं तर या भागातल्या मुलांना कामशेतपर्यंत जावं लागणार नाही. तोवर मात्र कुणी इंटरनेटवरून जुना पंख मागवून गावच्या टेकडीवरून उडून बघू नये. हा खेळ एकट्यानं शिकता येत नाही.

ज्याला शिकायचंच आहे त्यानं दिवाळीनंतर, भात निघाल्यावर कामशेतला जावं. पैसे भरण्याआधी विचारावं : शाळेची नोंदणी आहे का, विमा आहे का, शिक्षकाकडे कुठला परवाना आहे, संकटकाळचं पॅराशूट कधी घडी केलं आहे. उत्तरं टाळणाऱ्याकडून तसंच परत फिरावं. पहिले एक-दोन दिवस वारा बसला नाही म्हणून मैदानातच गेले तर कुरकुर करू नये. ते दिवसही शिकण्याचेच. सलग पावसानंतर स्वच्छ ऊन पडलं की उडण्याची हाव सगळ्यांनाच होते, शिक्षकालाही, आणि बाहेर रांग लावून उभ्या असलेल्या पर्यटकांचे पैसे त्याच्याही डोळ्यांसमोर असतात. अशा दिवशी टेकडीवरून खाली उतरून गाडीत पंख परत बांधणारा शिक्षक शोधावा. ज्याच्या तोंडून ‘आज नाही’ हे दोन शब्द कधीच निघत नाहीत, त्याच्याकडे शिकू नये.